गर्भनिरोधक गोळ्या घेताना मध्येच रक्ताचे डाग किंवा वेगळा स्राव दिसला तर

पाळी आली, पाचव्या दिवशी पाकीट सुरू केले, आणि दहाव्या-बाराव्या गोळीला कपड्यावर तपकिरी डाग दिसला. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका माझ्या दवाखान्यात नेहमी असतात. त्यातल्या बऱ्याच जणींनी येण्याआधीच एक गोष्ट केलेली असते. पाळी आली असे समजून पाकीट बंद केलेले असते, आणि आता पाचव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे असे मनाशी ठरवलेले असते. डागापेक्षा ही चूक जास्त महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पाकिटाच्या मध्यावर दिसणारा डाग म्हणजे पाळी नव्हे. गोळी चालू ठेवा, रोजच्या वेळेलाच घ्या.

गोळी बंद केली की काय होते ते पाहा. शरीरातील हार्मोनचे प्रमाण एकदम खाली येते आणि दोन-तीन दिवसांत खरोखरच पाळीसारखा रक्तस्राव सुरू होतो. मग त्या बाईला वाटते, "बघा, पाळीच होती." रक्त थांबेपर्यंत ती वाट बघते. कधी सात, कधी नऊ दिवस जातात. गोळीने झोपवलेले बीजकोष तेवढ्या वेळात जागे होऊ शकतात, आणि त्या काळात संबंध आला तर दिवस राहू शकतात. डाग पहिल्याच आठवड्यात दिसला आणि तेव्हाच गोळ्या सोडल्या, तर धोका आणखी जास्त. पुढे "गोळ्या घेऊनही दिवस गेले" असे घरात म्हटले जाते, आणि दोष गोळीच्या नावावर लागतो.

डाग का पडतात

आपल्याकडे सर्वात जास्त वापरल्या जातात त्या मिश्र गोळ्या. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणारी माला-एन याच प्रकारची. तिच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ गोळ्यांत दोन हार्मोन असतात, उरलेल्या ७ रंगीत गोळ्या लोहाच्या. (लोहामुळे शौचाला काळी होते. ते रक्त नव्हे.) लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की हार्मोन थांबते आणि पाळी येते. रक्त यायला हवे ते या दिवसांत.

नेहमीच्या पाळीत गर्भाशयाचे आतले अस्तर महिनाभर जाड होत जाते आणि शेवटी गळून पडते. गोळीमुळे ते पातळच राहते. म्हणून गोळीवर पाळी कमी जाते आणि पोटही कमी दुखते. पण नव्या हार्मोनशी जुळवून घेईपर्यंत या पातळ अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, कुठेतरी एखादी फुटते आणि थोडे रक्त येते. ते आत थोडा वेळ थांबून बाहेर आले तर रंग तपकिरी किंवा काळपट होतो. लगेच आले तर गुलाबी किंवा लाल दिसते. काळपट रंग पाहून "आत साचलेले खराब रक्त" असे समजण्याचे कारण नाही, ते साधे जुने रक्त असते.

पहिल्या तीन महिन्यांत असे डाग बऱ्याच जणींना दिसतात. पहिल्या महिन्यात सर्वात जास्त, आणि तिसरे पाकीट संपेपर्यंत बहुतेकींचे थांबतात. इस्ट्रोजेनचे प्रमाण कमी असलेल्या, म्हणजे २० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांवर ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांपेक्षा थोडे जास्त दिसतात. धूम्रपान करणाऱ्या बायकांनाही हा त्रास जास्त होतो. गोळ्या वेळेवर चालू असतील, तर डाग पडतो म्हणून गर्भनिरोधाचा परिणाम कमी होत नाही. एक पातळ पॅड लावा, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, तीन पाकिटे पूर्ण होऊ द्या.

आधी विचारा: गोळी चुकली का?

तीन महिने उलटून गेल्यावर, सगळे सुरळीत असताना अचानक डाग दिसला, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे येते. मग जरा बोलत बसले की कळते, माहेरी जाताना पाकीट घरीच राहिले होते. किंवा सासूबाईंना माहीत नाही म्हणून पाकीट डाळीच्या डब्यामागे ठेवलेले असते, आणि स्वयंपाकघरात कोणी नसेल तेव्हाच गोळी घेता येते, कधी सकाळी सहाला, कधी रात्री अकराला. गोळी लपवून घ्यावी लागणाऱ्या बायकांना डाग जास्त दिसतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. त्यात त्यांची चूक नाही. पाकीट पर्समध्ये किंवा कामाच्या ठिकाणी ठेवणे, मोबाईलवर गजर लावून त्याला "पाणी पिणे" असे नाव देणे, असे उपाय आम्ही मिळून शोधतो.

हार्मोनची एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या. एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. पाकीट पुढे चालू ठेवा.

लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर आठवताच एक गोळी घ्या, आधीच्या सुटलेल्या सोडून द्या, रोज एक याप्रमाणे पुढे जा, आणि सलग सात हार्मोनच्या गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम वापरा. चुकलेल्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातील, म्हणजे १५ ते २१ या क्रमांकांतील असतील, तर हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या गोळ्या वगळून दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात चुकल्या असतील आणि त्या सुमारास संबंध आला असेल, तर आपत्कालीन गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. ती जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त, ७२ तासांनंतर तो बराच कमी होतो.

लोहाची गोळी चुकली तर गर्भनिरोधाला काही फरक पडत नाही. चुकलेली टाकून द्या.

उलटी किंवा जोराचे जुलाब म्हणजेही चुकलेली गोळीच. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब दोन दिवसांहून जास्त चालले तर वर सांगितल्याप्रमाणे दोन गोळ्या चुकल्यासारखे वागा. ज्या कंपनीच्या पाकिटात फक्त २१ गोळ्या असतात, त्यात पाकीट संपल्यावर सात दिवस मोकळे सोडायचे असतात. आठवा दिवस मोकळा जाऊ देऊ नका. अनेकींची गफलत नेमकी इथेच होते, कारण पाळी अजून संपलेली नसते. पाळी संपो वा न संपो, आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे.

दुसरी औषधे चालू असतील तर

इथे मात्र डाग ही खरी धोक्याची घंटा असू शकते. टीबीच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला हार्मोन फार लवकर नष्ट करायला लावते. गोळी रोज वेळेवर घेतली तरी रक्तात पुरेसे हार्मोन उरत नाही. मध्येच डाग पडू लागतात आणि दिवसही राहू शकतात. फिट्सच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांचे तसेच, आणि एचआयव्हीच्या काही औषधांचेही. टीबीचा उपचार चालू असताना आणि तो संपल्यावर आणखी एक महिना या गोळ्यांवर विसंबू नका. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा कंडोम हे पर्याय आहेत. टीबीची औषधे देणाऱ्या कर्मचाऱ्याला तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता हे बहुधा माहीत नसते, आणि तो विचारेलच असे नाही. तुम्हीच सांगा. फिट्सची औषधे मात्र कोणत्याही कारणाने स्वतःहून बंद करू नका, बदलायची आहे ती गर्भनिरोधाची पद्धत.

सर्दी-खोकल्याला किंवा दातदुखीला मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकने गोळीचा परिणाम जात नाही. ही भीती अजूनही खूप जणींना असते.

आणखी एक गोष्ट, जी मला वारंवार खटकते. डाग थांबत नाही म्हणून मेडिकलमधून रक्त थांबवायची गोळी आणली जाते. ती बहुधा ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड असते. मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच थोडा वाढलेला असतो. त्यावर हे औषध घेतल्याने तो आणखी वाढू शकतो. दोन्ही एकत्र घेऊ नका. डाग बंद व्हावा म्हणून मनानेच रोज दोन-दोन गर्भनिरोधक गोळ्या घेणेही बरोबर नाही.

तुमची गोळी नेमकी कोणती?

"डॉक्टर, गोळी चालू आहे" एवढ्या सांगण्यावरून काही कळत नाही. प्रत्येक गोळीचा रक्तस्राव वेगळा.

बाळाला पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने मिश्र गोळी देत नाहीत. तिला फक्त प्रोजेस्टेरॉनची, बहुधा डेसोजेस्ट्रेलची गोळी दिली जाते. ती सुट्टी न घेता रोज घ्यायची असते. या गोळीवर अधूनमधून डाग पडणे, दोन-दोन महिने पाळी न येणे हे चालूच राहते. तीन महिन्यांनी थांबेल असे तिच्याबाबत सांगता येत नाही.

छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तिच्यात हार्मोन नसते. तिच्यावर पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करून घ्या.

आपत्कालीन गोळी घेतल्यावर काही दिवसांत डाग पडू शकतो, आणि पुढची पाळी काही दिवस मागे-पुढे होते. डाग पडला म्हणजे गोळी लागू पडली, असा अर्थ काढू नका. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करा.

नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे लग्नकार्य किंवा गणपती आले की पाळी पुढे ढकलायला मागितली जाणारी गोळी. तिने दिवस राहण्यापासून संरक्षण मिळते असे धरून चालू नका. ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. माला-एनसारखी गोळी आधीच चालू असेल तर वेगळी गोळी लागतच नाही. लोहाच्या गोळ्या वगळून लगेच नवे पाकीट सुरू केले की पाळी पुढे जाते. थोडे डाग मात्र पडू शकतात, म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी घाबरून फोन करू नका.

पांढरे जाणे: काय नेहमीचे, काय नाही

योनीतून थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव रोज जाणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. वाळल्यावर कपड्यावर पिवळसर डाग दिसतो, तोही नेहमीचाच. गोळी सुरू केल्यावर या स्रावात बदल होतो. पूर्वी महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा चिकट स्राव यायचा, तो येत नाही, कारण बीज बाहेर पडत नाही. काहींना कोरडेपणा जाणवतो. काहींना उलट पांढरे जास्त जाते. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर त्याला औषध नको.

पांढरे जाण्याने हाडे झिजतात, अंगातली ताकद जाते, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे आणि पदवीधर मुलींच्याही. ते खरे नाही. थकवा खरा असतो, पण आपल्याकडे त्यामागे बहुधा रक्त कमी असणे, अपुरी झोप आणि कामाचा भार असतो. हिमोग्लोबिन तपासा, उत्तर बरेचदा तिथे सापडते.

गोळीमुळे स्रावाला दुर्गंधी येत नाही. तशी आली तर कारण दुसरे आहे. दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज असेल तर तो बुरशीचा संसर्ग असतो. अँटिबायोटिक घेतल्यानंतर तो बऱ्याचदा होतो, पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासायला हवी. पातळ, राखाडी-पांढरा, माशासारखा वास येणारा आणि संबंधानंतर वास वाढणारा स्राव असेल तर योनीतील जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. हा गुप्तरोग नव्हे, नवऱ्यावर संशय घ्यायचे कारण नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव आणि आग होत असेल तर मात्र ट्रायकोमोनासचा संसर्ग असू शकतो. त्यात नवऱ्यानेही त्याच वेळी औषध घ्यायला हवे, नाहीतर बरे झालेले पुन्हा परत येते.

पुवासारखा स्राव, ओटीपोटात दुखणे आणि संबंधानंतर रक्त येणे हे क्लॅमिडिया किंवा गनोरियाचे लक्षण असू शकते. अनेक महिने गोळी नीट चालू असताना नव्याने डाग सुरू झाले तर यांचा विचार करावा लागतो, कारण कधी कधी डाग हे त्यांचे एकमेव लक्षण असते. उपचार न झाल्यास गर्भनलिका बंद होऊन पुढे मूल होण्यात अडचण येते. गर्भनिरोधक गोळी अशा संसर्गापासून वाचवत नाही, ते काम कंडोमच करतो. जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तिथे नावाची गुप्तता पाळली जाते.

साबण, डेटॉल, तुरटीचे पाणी किंवा जाहिरातीतील सुगंधी वॉश योनीच्या आत वापरू नका. त्याने तिथले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे.

"पिशवीच्या तोंडाला जखम आहे"

गोळीतील इस्ट्रोजेनमुळे काही बायकांत गर्भाशयमुखाच्या आतील मऊ, लालसर पेशी बाहेरच्या बाजूला दिसू लागतात. त्यामुळे पांढरे थोडे जास्त जाते आणि संबंधानंतर एखादा थेंब रक्त येऊ शकते. तपासताना तो भाग लाल दिसतो आणि त्याला सर्रास "जखम" किंवा "अल्सर" म्हटले जाते. ती जखम नसते, कॅन्सरची सुरुवातही नसते. पॅप किंवा व्हीआयए तपासणी नॉर्मल असेल आणि त्रास नसेल तर तिला उपचार लागत नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. या एका शब्दावर बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी गर्भाशय गमावून परतल्या होत्या. पांढरे जाते किंवा डाग पडतो, एवढ्यावरून कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

तरीही संबंधानंतर वारंवार रक्त येत असेल तर "गोळीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे ते लक्षण असू शकते. तिशीनंतर व्हीआयए तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे द्रावण लावून एका मिनिटात पाहतात. दुखत नाही.

कधी दाखवायचे, कधी धावायचे

तीन पाकिटे पूर्ण झाल्यावरही डाग थांबले नाहीत, नीट चाललेल्या गोळीवर नव्याने सुरू झाले, स्रावाला वास किंवा खाज आहे, संबंधानंतर रक्त येते, किंवा लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी आलीच नाही, तर या आठवड्यात दाखवा. पाळी न येणे गोळीवर कधी कधी घडते. तरी एखादी गोळी चुकली असेल तर आधी दिवस राहिले आहेत का ते पाहा. निश्चय किट आशाताईंकडे मोफत मिळते. दिवस राहिले असतील तर गोळ्या बंद करा. नकळत घेतलेल्या गोळ्यांनी गर्भाला इजा झाल्याचे दिसत नाही, त्या भीतीपोटी घाईने कोणताही निर्णय घेऊ नका.

तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आणि ओटीपोटात जोराची कळ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. रक्तस्रावाबरोबर पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणे अशी लक्षणे असतील तर गर्भ नलिकेत राहिला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक फार डोके दुखणे, अंधुक दिसणे किंवा बोलण्यात अडखळणे ही गुठळीची लक्षणे आहेत. यात मात्र गोळी लगेच बंद करायची आणि रुग्णालय गाठायचे.

दवाखान्यात काय होईल

तारखा विचारल्या जातील, वजन आणि रक्तदाब पाहिला जाईल, लघवीची तपासणी होईल. गरज असेल तर आतून तपासणी, ती तुमच्या संमतीने आणि दुसरी स्त्री हजर असताना. सोनोग्राफी प्रत्येकीला लागत नाही. सगळे ठीक असून डाग तेवढे राहिले असतील, तर गोळी बदलता येते, उदाहरणार्थ २० मायक्रोग्रॅमऐवजी ३० मायक्रोग्रॅमची किंवा वेगळ्या प्रोजेस्टेरॉनची. त्यानेही जमले नाही तर तांबीसारखी दुसरी पद्धत आहेच. नवी पद्धत सुरू होईपर्यंत जुनी गोळी सोडू नका.

येताना गोळीचे पाकीट सोबत आणा, अर्धे संपलेले असले तरी. नावापेक्षा त्यातल्या उरलेल्या गोळ्या मला जास्त सांगतात. आणि चालू असलेल्या बाकी सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्याही आणा, आयुर्वेदिक असोत की मेडिकलमधून स्वतः घेतलेल्या.